दूध, ऊन आणि हाडे

श्रीरामपूरकडे बाजरीच्या भाकरीबरोबर ताक घेतात, ते केवळ चवीसाठी नव्हे. दुग्धशर्करा पचविणारे आतड्यांतील द्रव्य पुष्कळांच्या बाबतीत बालपणानंतर घटते. मग दुधाने पोट फुगते. विरजणातील जंतू त्या शर्करेचा काही भाग आधीच फोडतात, म्हणून ताक सोसते.

तथापि दूध सुटले की हाडे खचली, ही समजूत कितपत खरी? शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मुडदुसाचा अभ्यास हचिसन आणि शहा या दोघांनी १९२२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा निष्कर्ष उलटाच दिसला. दूधतुपाची ददात नसलेल्या, पण पडद्यात कोंडलेल्या संपन्न घरांत हा विकार आढळे. निकस अन्नावर वाढणारी, उन्हात हिंडणारी कष्टकऱ्यांची मुले मात्र त्यातून सुटत! उन्हाने त्वचेत बनणाऱ्या ड जीवनसत्त्वावाचून अन्नातील कॅल्शियम, मग ते दुधातले का असेना, अंगी फारसे लागत नाही.

अर्थात कॅल्शियम मुळात पोटात जावयास हवेच. नाचणीच्या १०० ग्रॅमांत ते सुमारे ३४० मिलिग्रॅम असते, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तिळात त्याहूनही अधिक. त्यातले सगळेच शरीरास मिळत नाही, हे खरे. पण दूध न सोसणाऱ्या घरी ताकाचा डेरा असतोच.