करमणूक-कर आणि तानाजीचें गांव

पोलादपूर तालुक्यांत उमरठ नांवाचें गांव आहे. तानाजी मालुसरे यांची समाधि तेथें आहे. १६७० च्या फेब्रुवारींत कोंढाण्यावर पडलेल्या या वीराचा सरकारी तिजोरीशीं कांहीं संबंध असेल, असें कोणास वाटणार नाहीं. परंतु चित्रपट आणि सरकार यांच्या व्यवहाराचा आपल्याकडील इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या दोन्ही टोकांस तानाजीच उभा दिसतो.

१९२३ सालीं बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरास ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरील या चित्रपटास मुंबईंत अशी गर्दी लोटली, कीं ती पाहूनच सरकारला करमणूक-कर सुचला, असें परंपरेनें सांगतात. ही आख्यायिका खरी असो वा रचलेली, मुंबई इलाख्याचा करमणूक-कराचा कायदा १९२३ चाच आहे. पुढें ९७ वर्षांनीं, २०२० च्या जानेवारींत, ‘तान्हाजी’ हा हिंदी बोलपट महाराष्ट्र सरकारनें करमुक्त केला. करमणूक-कर १ जुलै २०१७ रोजींच वस्तु व सेवा करांत विलीन झालेला. म्हणून राज्यानें त्यांतील आपल्या वांट्यावर पाणी सोडलें.

या दोन टोकांमध्यें साहाय्याच्या निरनिराळ्या रीति होऊन गेल्या. १९७५ सालीं राज्य सरकारनें मराठी निर्मात्यांस करमणूक-कराचा परतावा देऊं केला; मात्र त्यासाठीं पुढील मराठी चित्रपट काढला पाहिजे, अशी अट घातली. डबघाईस आलेल्या धंद्यास या योजनेनें धीर दिला.

महाडच्या वांट्यास दुसरी रीत आली. २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जो हक्क बजावला, त्याचें चित्रण जब्बार पटेल यांच्या २००० सालच्या इंग्रजी चरित्रपटांत आहे. त्याच्या खर्चास केंद्र व महाराष्ट्र सरकारांनीं पैसा पुरविला.

तिसरी रीत मोठ्या परदेशी निर्मात्यांस बोलावण्याची. हंगेरी, न्यूझीलंड आदि देश ती पूर्वींच वापरूं लागले होते. भारत सरकारनें २०२२ सालीं कान येथें घोषणा केली, कीं येथें केलेल्या खर्चापैकीं शेंकडा ३० परत मिळेल, मर्यादा दोन कोटि रुपयांची. २०२३ च्या नोव्हेंबरांत हें प्रमाण शेंकडा ४० व मर्यादा ३० कोटि झाली.

आतां यांचा तौलनिक विचार करूं. करमाफी यशामागून येते. चित्रपट तर आधींच तयार झालेला असतो. ‘तान्हाजी’तील गड बहुतांशी स्टुडिओंत व संगणकाच्या साहाय्यानें उभे राहिले, उमरठची कथा पडद्यावर गेली, तरी त्या खोऱ्यांतील सुताराच्या, हमालाच्या वा खानावळवाल्याच्या हातीं मजुरी पडण्याचें कारण नव्हतें. केवळ खर्चावर मोजलेली सवलतही, जेथें सोय अधिक तेथेंच, म्हणजे मोठ्या शहरांकडेच, ओढली जाते.

म्हणूनच १९७५ च्या योजनेंतील अटीचें शहाणपण आजही घेण्यासारखें आहे. सवलतीचा कांहीं हिस्सा कथेच्या मूळ भूमीवरील चित्रीकरणाशीं व तेथील माणसांच्या रोजगाराशीं जोडतां येईल. सार्वजनिक पैसा कोणास दिला, याइतकेंच तो कोणत्या अटीवर दिला यालाही महत्त्व आहे. आणि सावित्रीच्या खोऱ्याचा हक्क त्या अटींतच लिहिला गेला पाहिजे.