नागपूरची दोन निशाणे

सीताबर्डीची टेकडी दिसली की मला नागपूरच्या दोन निशाणांची आठवण होते. पहिले भोसल्यांचे भगवे. १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकडीपाशी आप्पासाहेबांची फौज इंग्रजांकडून हरली; १८५४ त राज्य खालसा झाले आणि भगवा उतरला. दुसरे चरख्याचे, तीन रंगांचे. १९२३ त ते घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरण्यास सरकारने बंदी केली. मग रोज स्वयंसेवकांची तुकडी निघे आणि तुरुंगात जाई. जमनालाल बजाज पकडले गेले, वल्लभभाई पटेल धावून आले. अखेर १८ ऑगस्टला निशाणाची मिरवणूक त्याच वाटेने गेली. वाचकहो, पहिले निशाण फौजेबरोबर हरले. दुसऱ्याजवळ हरायला फौजच नव्हती!