ग्रीनलंडांतील हिमदप्तर व त्याचा लष्करी आश्रय

१. जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक त्यास तीन प्रश्न विचारतो : हा कोणीं लिहिला, कोणाच्या आज्ञेनें लिहिला, आणि आजवर तो कोणाच्या घरीं राहिला ? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. कै. राजवाडे यांनीं बखरींची जी झडती घेतली तिच्यामुळें धन्याच्या इच्छेनें लिहिलेला मजकूर किती सावधपणें वाचावा लागतो हें सर्वांच्या परिचयाचें झालें. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र लक्ष कमी जातें. वस्तुतः कित्येक रुमालांचें नशीब लिहिणाऱ्यानें नव्हे, तर सांभाळणाऱ्यानें ठरविलेलें असतें.

या तिन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावयास लावणाऱ्या एका दप्तराची हकीकत प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. या दप्तरांत कागद नाहीं, शाई नाहीं, मोडी नाहीं कीं फारशी नाहीं. तें बर्फाचें आहे. उत्तर ध्रुवाजवळील ग्रीनलंड बेटाच्या हिमस्तरांतून १९६६ सालीं तें बाहेर काढलें गेलें, व त्याचा खर्च अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या लष्करानें सोसला.

२. लष्करानें सृष्टिविज्ञानास आश्रय द्यावा ही गोष्ट अपूर्व नाहीं. श्रीरंगपट्टण पडल्यावर विल्यम लँब्टन या पलटणी अधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ आधाररेषा मोजून दक्षिणेच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. कंपनी सरकारास नव्यानें जिंकलेल्या मुलखाचा नकाशा हवा होता. लँब्टनास पृथ्वीचा नेमका आकार काय तें पाहावयाचें होतें. दोघांचे हेतु निराळे, पण खजिना एकच. हें काम चालू असतांच २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें लँब्टन वारला, व त्याची कबर तेथेंच आहे. वऱ्हाड-नागपूरकडील संशोधकांस ती नवी नाहीं. धन्यास एक हवें आणि चाकरानें त्याच पैशांत दुसरेंही साधून घ्यावें, हा प्रकार पुढील हकीकतींतही वाचकांस आढळेल.

३. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यांत वैर वाढलें, तेव्हां दोन्ही देशांमधील जवळचा हवाई मार्ग उत्तर ध्रुवावरून जातो ही गोष्ट सेनापतींच्या नजरेंत भरली. त्या बाजूची सर्व भूमि बर्फाची. बर्फावर धांवपट्टी टिकेल काय, किती जड गाडी जाईल, खणलेला खंदक किती दिवस उभा राहील, हें कोणासच नीट ठाऊक नव्हतें. म्हणून अमेरिकन लष्कराच्या एंजिनिअर खात्यानें १९४९ सालीं हिम, बर्फ व कायम गोठलेली जमीन यांच्या अभ्यासाकरितां एक स्वतंत्र संस्था काढली. १९६१ सालीं ती दुसऱ्या एका संस्थेशीं जोडली जाऊन न्यू हँपशर संस्थानांतील हॅनोवर येथें गेली. हेन्री बाडर हा स्विस हिमशास्त्रज्ञ या कार्याचा एक प्रमुख प्रवर्तक होता. साचलेल्या बर्फाच्या थरांत गतकाळाच्या हवामानाची नोंद असते, व ती खोलवर गिरमिट चालवून काढतां येईल, हा आग्रह त्यानें लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेंत बसूनच धरला.

ग्रीनलंड डेन्मार्कच्या ताब्यांतील बेट. १९५१ सालच्या तहान्वयें तेथें अमेरिकेस लष्करी ठाणीं करण्याची मुभा मिळाली, व वायव्येस थुली येथें मोठा विमानतळ उठला. त्याच्या विस्ताराकरितां १९५३ सालीं तेथील मूळच्या इनुघुइट लोकांस आपलें गांव सोडून उत्तरेस जावें लागलें. हें स्थलांतर अन्यायाचें होतें असा डॅनिश न्यायालयाचा निवाडा १९९९ सालीं झाला. विज्ञानाच्या जमाखर्चांत ही बाब सहसा मांडली जात नाहीं, म्हणून आम्ही तिची नोंद येथें करून ठेवितों.

४. थुलीपासून दोनशें किलोमीटरांवर, बर्फाच्या माळावर, १९५९ च्या उन्हाळ्यांत 'कँप सेंचुरी' नांवाचें ठाणें बांधण्यास प्रारंभ झाला. स्विस बनावटीच्या यंत्रांनीं बर्फांत लांबच लांब खंदक कापले, त्यांवर पोलादी पत्र्यांच्या कमानी घातल्या, आणि वरून पुन्हां बर्फ लोटून दिला. असे एकवीस खंदक असून त्यांची एकूण लांबी सुमारें तीन किलोमीटर होती. आंत सुमारें दोनशें माणसांची सोय होती. विजेकरितां एक लहान अणुभट्टी १९६० सालीं चालू झाली. ध्रुवप्रदेशांत बांधकाम कसें करावें व विज्ञानाचे प्रयोग कसे चालवावे हें पाहण्याकरितां हें ठाणें आहे, असें जगास सांगण्यांत आलें.

हें सांगणें खोटें नव्हतें, परंतु पुरतें खरेंही नव्हतें. लष्कराच्या मनांत 'आइसवर्म' म्हणजे हिमकृमि नांवाची गुप्त योजना होती. बर्फाखालीं सुमारें ४,००० किलोमीटर लांबीचे बोगदे खणून त्यांत ६०० क्षेपणास्त्रें हालतीं ठेवावयाचीं, म्हणजे शत्रूस त्यांचा ठाव लागूं नये, असा तो बेत होता. डेन्मार्कच्या सरकारास याची वर्दी दिलेली नव्हती. ग्रीनलंडांतील शीतयुद्धाविषयीं डेन्मार्कांत चौकशी होऊन १९९७ सालीं जें प्रतिवृत्त प्रसिद्ध झालें, त्यांत ही योजना प्रथम उजेडांत आली.

या योजनेचा निकाल मात्र बर्फानेंच लावला. हिमस्तर स्थिर नसतो. तो स्वतःच्या भारानें वाहतो व दबतो. खंदकांच्या भिंती आंत येऊं लागल्या, छपरें खचूं लागलीं, आणि बर्फ तासण्याचें काम माणसांस सतत करावें लागलें. १९६३ सालीं अणुभट्टी बंद होऊन पुढें ती काढून नेली, व १९६७ पर्यंत ठाणें सोडून देण्यांत आलें. ज्या विद्येवर लष्करानें पैसा खर्चिला, तिनेंच लष्कराचा बेत अशक्य असल्याचें दाखविलें.

५. या सहा-सात वर्षांच्या अवधींत एका खंदकांत निराळेंच काम चाललें होतें. लाइल हॅन्सन व हर्बर्ट उएडा हे यंत्रज्ञ आणि चेस्टर लँगवे हा भूशास्त्रज्ञ यांनीं १९६१ पासून बर्फांत गिरमिट चालविलें. प्रथम तापलेल्या टोकानें बर्फ वितळवीत जाणारें यंत्र होतें. पुढें विजेवर फिरून बर्फ कापणारें यंत्र आणलें. जुलै १९६६ मध्यें तें १,३८७ मीटर खोलीवर हिमस्तराच्या तळास पोंचलें. हिमस्तर आरपार भेदून त्याचा अखंड गाभा काढण्याचा हा जगांतील पहिलाच प्रसंग होय. यंत्रज्ञ तेथेंच थांबले नाहींत; खालची गोठलेली माती व दगड यांचा आणखी सुमारें साडेतीन मीटर गाभाही त्यांनीं वर काढला.

हें हिमदप्तर वाचण्याची किल्ली डेन्मार्कांत तयार होती. पाण्यांतील प्राणवायूचे हलके व जड असे प्रकार असतात. थंडी जितकी अधिक तितकें पडणाऱ्या हिमांत जड प्राणवायूचें प्रमाण कमी. कोपनहेगनचे विली डान्सगार्ड यांनीं १९५२ सालीं आपल्या बागेंत बाटली व नरसाळें ठेवून पावसाच्या पाण्यावर या अभ्यासास सुरुवात केली होती. त्यांनीं लँगवे यांच्याशीं पत्रव्यवहार करून गाभ्याचे तुकडे मोजण्याची तयारी दाखविली. दोघांनीं इतर सहकाऱ्यांसह १९६९ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत सुमारें एक लक्ष वर्षांच्या हवामानाचा आलेख होता. शेवटचें हिमयुग केव्हां आलें, केव्हां सरलें, आणि मध्यंतरीं हवामान किती झपाट्यानें पालटलें, हें त्या बर्फांतून वाचतां आलें. पिढ्यान्‌पिढ्यांची रोजकीर्द एकाच वेष्टनांत सांपडावी तसा हा लाभ होता.

६. आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. बर्फाचा गाभा गाजला; खालची माती मात्र दुर्लक्षित राहिली. तिच्यावर थोडेंसें काम झालें आणि ती बाजूस पडली. लँगवे पुढें बफलो येथील विद्यापीठांत गेले, तेव्हां गाभ्यांचा संग्रह तेथील शीतगृहांत गेला. १९९० नंतरच्या दशकांत तो कोपनहेगनला रवाना झाला. त्यांत ती मातीही होती, पण तिची आठवण कोणास उरली नव्हती. २०१७ सालीं कोपनहेगनचा संग्रह नव्या शीतगृहांत हलवितांना यादी करणाऱ्यांस कांहीं पेट्या आढळल्या, व त्यांत काचेच्या बरण्यांत ती माती निघाली. घर बदलतांना माळ्यावरचा रुमाल सुटावा आणि त्यांत अस्सल सनद निघावी, असा अनुभव आपल्यांतील कित्येकांस आला असेल; हा प्रसंग त्याच जातीचा आहे.

ती माती २०१९ सालीं व्हर्माँट विद्यापीठांत धुतली असतां पाण्यावर काड्या व पानें तरंगलीं. म्हणजे जेथें आज सुमारें चौदाशें मीटर जाडीचा बर्फ आहे, तेथें एके काळीं झुडपें व शेवाळ उगवत होतें ! मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हां पडला हें काढण्याच्या पद्धतीनें २०२३ सालीं जो काळ प्रसिद्ध झाला तो सुमारें ४,१६,००० वर्षांपूर्वींचा असून त्यांत ३८,००० वर्षांचा फरक इकडेतिकडे धरावा लागतो. हा बर्फ त्या काळीं वितळल्यामुळें जगांतील समुद्राची पातळी निदान १.४ मीटर वाढली असावी असा अभ्यासकांचा हिशेब आहे. सिंधुदुर्ग व जंजिरा यांच्या तटांस लागणारें पाणी त्याच महासागराचें आहे. तेव्हां ही बातमी केवळ ग्रीनलंडची नव्हे. मातींतून हा काळ काढण्याच्या पद्धती १९६६ सालीं कोणाच्याच हातीं नव्हत्या. त्या वेळीं निरुपयोगी म्हणून ती माती कोणीं टाकून दिली असती, तर आज विचारावयास साक्षीदारच उरला नसता.

७. लष्करानें मागें आणखी एक दप्तर ठेविलें, तें त्याच्या कचऱ्याचें. ठाणें सोडतांना, पडणाऱ्या बर्फाखालीं सर्व कांहीं कायमचें गाडलें जाईल, या समजुतीनें बरेंच सामान तेथेंच राहूं दिलें. २०१६ सालच्या एका अभ्यासांत तेथें सुमारें २ लक्ष लिटर डिझेल तेल व २ कोटि ४० लक्ष लिटर सांडपाणी असल्याचा अंदाज दिला असून विषारी रसायनें व अल्पसें किरणोत्सर्गी पाणी यांचाही उल्लेख केला आहे. हवामान तापत गेल्यास हें पुढें केव्हां तरी उघडें पडेल, अशी भीति त्यांत व्यक्त झाली. २०२१ सालच्या अधिक बारीक गणिताप्रमाणें वितळलेलें पाणी २१०० पर्यंत त्या खोलीस पोंचणार नाहीं. तथापि 'कायमचें' हा शब्द त्याच जागेंतून निघालेल्या मातीनें खोटा ठरविला आहे, हें विसरतां कामा नये. त्या ठिकाणचा बर्फ एकदां गेलेला आहे. आश्रयदात्यानें ज्या विद्येस पैसा दिला तिचा निष्कर्ष त्याच्याच वर्तनाविरुद्ध साक्ष देतो, असें हें विलक्षण प्रकरण आहे.

८. या सर्वांवरून काय निष्पन्न होतें ? कांहींचें म्हणणें असें कीं, लष्करी पैशांतून झालेलें संशोधन मुळांतच दूषित. दुसरे म्हणतात कीं, सत्य हें सत्यच; पैसा कोणाचा हें पाहूं नये. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धवट आहेत. प्राणवायूचें प्रमाण सेनापतीच्या हुकमानें बदलत नाहीं. १९६९ सालचा आलेख लष्कराच्या द्रव्यावर निघाला म्हणून खोटा ठरत नाहीं. परंतु गिरमिट कोठें रोवावें, काय गुप्त राखावें, कोणाचें गांव उठवावें, आणि उरलेल्या कचऱ्याचें काय करावें, हें सर्व त्या द्रव्यानेंच ठरविलें. पेशव्यांच्या खर्चानें लिहिलेल्या हिशेबांत आकडे खरे असतात, पण कोणत्या बाबी हिशेबांत यावयाच्या हें सरकार ठरवितें. हिमदप्तराचीही गोष्ट तीच आहे. त्यांतील आकडा स्वीकारावा आणि न लिहिलेली बाब शोधावी, हाच त्यास वाचण्याचा मार्ग होय.

दुसरी गोष्ट आम्हां संग्राहकांच्या कामाची. धन्यास मातीचें महत्त्व नव्हतें. वाचणाऱ्यांस त्या वेळीं तें पुरतें कळलें नाहीं. तरी लँगवे व त्यांच्या मागून आलेल्यांनीं ती गोठलेली ठेविली, एवढ्यानेंच ती वांचली. आपल्या गांवोगांवच्या देव्हाऱ्यांत, कोनाड्यांत व माळ्यांवर अद्यापि असे किती तरी रुमाल पडून आहेत, कीं ज्यांचा अर्थ लावण्याचें साधन आपल्या हातीं नाहीं. तेवढ्यावरून ते रद्दींत घालूं नयेत. वाचणारा मागाहून येईल, पण तोंपर्यंत कागद राहिला पाहिजे. आणि त्यावर तो कोठून आला याची चिठी असली पाहिजे. कोपनहेगनच्या त्या पेट्यांवर नांव होतें म्हणूनच त्या ओळखतां आल्या. एवढें सुचवून हा लेख पुरा करितों.