जुन्या बेसबॉल कार्डांतील संघांचा असमान वाटा

अमेरिकेत प्रारंभी सिगारेटच्या आणि पुढे च्युइंगमच्या पाकिटातून मिळणारे, खेळाडूचे चित्र छापलेले जाड कागदाचे तुकडे म्हणजे बेसबॉल कार्डे. एका कंपनीने एका मालिकेत काढलेल्या कार्डांचा मिळून 'संच' होतो. असा जुना संच म्हणजे त्या काळातील बेसबॉलचे संपूर्ण चित्र, असा समज सहज होतो. संघनिहाय मोजणी केली, की तो टिकत नाही. काही संघांतील राखीव खेळाडूंनाही कार्ड लाभले, तर काही संघांचे महानायकच गायब! ही कार्डे ज्यांनी छापली त्यांना खेळाची नोंद ठेवायची नव्हती, माल खपवायचा होता.

याचे ठळक उदाहरण 'टी-२०६' या संचाचे आहे. 'अमेरिकन टोबॅको कंपनी'च्या विविध ब्रँडच्या सिगारेटसोबत १९०९ ते १९११ या काळात ही कार्डे वाटली गेली. संग्राहकांच्या गणतीनुसार त्यात ५२४ कार्डे असून पैकी सुमारे ३९० दोन प्रमुख लीगमधील सोळा संघांची आहेत. सारखी वाटणी झाली असती, तर प्रत्येक संघाच्या वाट्याला चोवीसच्या आसपास कार्डे आली असती. प्रत्यक्षात न्यूयॉर्क जायंट्सना त्याहून कितीतरी अधिक जागा मिळाली. त्यांचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांचीच चार कार्डे निघाली, पिचर ख्रिस्ती मॅथ्यूसनची तीन. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघातील हॅल चेस तर पाच वेगवेगळ्या छबींत झळकला.

१९०९ मध्ये जायंट्स नॅशनल लीगमध्ये तिसऱ्या स्थानावर होते. ११० सामने जिंकून अव्वल ठरला तो पिट्सबर्ग पायरेट्स, आणि डेट्रॉइटला ४-३ असे नमवून वर्ल्ड सिरीजही त्यानेच जिंकली. त्या मालिकेत तीन सामने जिंकून देणारा पिट्सबर्गचा पिचर बेब ॲडम्स या संचात नाही. पिट्सबर्गच्याच होनस वॅग्नरचे एकच कार्ड आहे आणि तेही छपाई लवकर थांबल्याने दुर्मीळ. त्याला तंबाखूची जाहिरात नको होती, असे काही म्हणतात. मोबदल्यावरून बिनसले, असे काही. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. संचातील एका रिकाम्या जागेची ही किंमत म्हणायची!

बोस्टनच्या 'गाउडी गम कंपनी'ने १९३३ मध्ये काढलेल्या २४० क्रमांकांच्या संचात असमतोलाचे कारण वेगळे होते. कार्डे टप्प्याटप्प्याने छापली जात. अखेरच्या टप्प्यापर्यंत जायंट्स आणि वॉशिंग्टन सेनेटर्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले होते; साहजिकच त्या टप्प्यात या दोन संघांच्या खेळाडूंचा भरणा झाला. बेब रूथच्या लोकप्रियतेमुळे न्यूयॉर्क यांकीजचा आकडाही फुगला, कारण त्याची एकट्याची चार कार्डे आहेत. क्रमांक १०६ चे कार्ड तर १९३३ मध्ये निघालेच नाही. अपुऱ्या संचाबद्दल तक्रार करणाऱ्यांना कंपनीने ते पुढल्या वर्षी पाठवले. कोणत्याही मुलाचा संच पूर्ण होऊ नये आणि गमची खरेदी सुरू राहावी यासाठीच ही युक्ती होती, असे सर्रास मानले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाजाराच्या जागी करार आला. 'बोमन' आणि 'टॉप्स' या दोन कंपन्या खेळाडूंशी स्वतंत्रपणे करार करू लागल्या आणि संघांची शकले दोन संचांत विभागली गेली. टॉप्सचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच प्रसिद्ध आहे, पण त्यात सेंट लुइस कार्डिनल्सचा स्टॅन म्युझियल नाही आणि बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्सही नाही. उलट ब्रुकलिन डॉजर्सचे व्यवस्थापकच काय, त्यांचे साहाय्यक प्रशिक्षकही कार्डांवर आहेत. टॉप्सचा कारभार ब्रुकलिनमधूनच चाले, हे येथे लक्षात घ्यावे. म्युझियल टॉप्सच्या संचात आला तो थेट १९५८ मध्ये. यांकीजचा मिकी मँटल बोमनशी बांधलेला असल्याने टॉप्सच्या १९५४ आणि १९५५ च्या संचांत दिसत नाही. हा झगडा न्यायालयातही गेला. १९५३ मधील त्या निकालाने स्वतःच्या छबीच्या व्यापारी वापरावर व्यक्तीचा हक्क असतो, हे तत्त्व अमेरिकी कायद्यात रुजवले. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनच विकत घेतली.

याहून मोठी उणीव संघनिहाय मोजणीतही दिसत नाही. टी-२०६ किंवा गाउडीच्या संचांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही, कारण १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरेपर्यंत प्रमुख लीगचे दरवाजे त्यांना बंद होते. कॅन्सस सिटी मोनार्क्स, होमस्टेड ग्रेज यांसारख्या निग्रो लीगच्या संघांना या राष्ट्रीय संचांत जागाच नव्हती. ऑस्कर चार्ल्सटनसारख्या दिग्गजाचे त्या काळातील कार्ड शोधायचे, तर क्युबातील सिगारेट कंपनीच्या १९२३-२४ च्या संचाकडे वळावे लागते. २०२० मध्ये १९२० ते १९४८ दरम्यानच्या सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा मिळाला. त्या संघांचा हिशेब धरला, तर जुन्या संचांतील सोळा संघांची यादी मुळातच अपुरी ठरते.

साठच्या दशकाअखेर खेळाडूंची संघटना पुढे सरसावली. टॉप्स एका खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर देत असे. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी छायाचित्रांसाठी उभे न राहण्याचे आवाहन केले. जुन्या छायाचित्रांवर वेळ निभावणाऱ्या टॉप्सने १९६८ अखेरीस रक्कम दुप्पट केली, शिवाय विक्रीत वाटाही दिला. १९६९ मध्ये चार नवे संघ आले, तेव्हा त्यांचे अनेक खेळाडू कार्डांवर बोडक्या डोक्याने दिसले. नव्या टोपीतील छायाचित्रेच उपलब्ध नव्हती!

१९७४ मध्ये टॉप्सने सर्व ६६० कार्डे एकाच वेळी बाजारात आणली. हंगामाच्या ओघात एखाद्या संघाकडे झुकण्याची सोय त्यामुळे उरली नाही. पण त्याच वर्षी सॅन दिएगो पाद्रेज वॉशिंग्टनला जाणार, अशा बोलबाल्यावर विसंबून त्यांची काही कार्डे 'वॉशिंग्टन' या नावाने छापली गेली. संघ सॅन दिएगोतच राहिला. कधीही मैदानात न उतरलेल्या त्या संघाची कार्डे संग्राहक आजही वेगळी जपतात.