मुक्काम एक, पोस्ट दुसरे

जुन्या पत्रांवरचे पत्ते विद्यार्थ्यांना जरूर दाखवावेत. ‘मु. अमुक, पो. तमुक’ असे त्यांत लिहिलेले असते. मु. म्हणजे मुक्काम, म्हणजे माणूस राहतो ते गाव. पो. म्हणजे पोस्ट, म्हणजे त्या गावाचे टपाल ज्या कचेरीत येते ती जागा. मोठ्या गावात दोन्ही एकच, म्हणून तिथे नुसते ‘मु. पो.’ लिहून भागते. वाडीवस्तीवर पोस्ट नसते, म्हणून तिथे दोन नावे लागतात.

ई-मेलच्या पत्त्यातही दोन भाग असतात. ‘@’ या चिन्हाच्या डावीकडे माणूस किंवा पद, आणि उजवीकडे? वर्गात विचारले तर ‘कंपनीचे नाव’ असे उत्तर हमखास मिळते, कारण बहुतेकांच्या पत्त्यात तिथे जीमेल असते. पण एखाद्या विद्यापीठाच्या पत्त्यात तिथे विद्यापीठाचे नाव असते, आणि टपाल मात्र अनेकदा विद्यापीठाच्या आवारात येतच नाही. ते एखाद्या कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर साठते. मुक्काम एक, पोस्ट दुसरे. ही सोय ई-मेलच्या जन्माबरोबर आलेली नाही. ती यायला पंधरा वर्षे लागली.

१९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे, बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाचे अभियंते काम करत होते. एकाच संगणकावर काम करणाऱ्यांना एकमेकांसाठी निरोप ठेवता येईल अशी एक आज्ञावली त्या वेळी होती. निरोप त्याच यंत्रावर राही. दुसऱ्या यंत्राकडे फाईल पाठवणारी आज्ञावलीही टॉमलिन्सन यांच्या हाताशी होती. त्यांनी दोन्ही जोडल्या. शेजारीशेजारी ठेवलेले दोन पीडीपी-१० संगणक, त्यांना जोडणारे मात्र फक्त अर्पानेटचे जाळे, अशा मांडणीत पहिला संदेश एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. त्यात काय लिहिले होते ते टॉमलिन्सन यांना पुढे आठवत नव्हते. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी ‘@’ घातला, कारण तो कळफलकावर होता आणि माणसांच्या नावात कधी येत नाही. इंग्रजीत त्याचा उच्चारही ‘अमक्या ठिकाणी’ या अर्थाचा. म्हणजे सुरुवातीला उजवीकडे होते ते एक लोखंडी यंत्र. यंत्र बदलले की पत्ता बदलला.

ही यंत्रे थोडी होती तोवर सगळ्यांची एकच यादी पुरे. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ही यादी सांभाळत असे. नवे यंत्र आले की त्यांना कळवायचे. ते यादीत नोंद करत आणि बाकीचे आपापल्या यंत्रावर यादी उतरवून घेत. शाळेच्या एकाच हजेरीपटात साऱ्या जिल्ह्याची मुले लिहिण्यासारखे हे होते. जाळे वाढू लागले तशी यादी लांबली, नावे एकमेकांवर आदळू लागली, आणि कालची उतरवलेली यादी आज जुनी ठरू लागली.

याच सुमारास जाळ्याच्या बाहेर आणखी एक जग होते. युनिक्स संगणक रात्री-अपरात्री टेलिफोन करून एकमेकांना टपाल देत. तिथे पत्ता म्हणजे वाट. ‘या यंत्राकडे द्या, ते त्या यंत्राकडे देईल, ते आणखी पलीकडे’ अशी सगळी यंत्रे उद्गारचिन्हांनी जोडून लिहायची. एसटी स्टँडवरून पाराकडे, पारावरून देवळामागे, तिथे तिसरे घर, असा हा पत्ता. तो कुठून निघालात त्यावर अवलंबून. आपल्या देशाची ई-मेलशी ओळख याच पद्धतीने झाली. १९८६मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेले ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ (एनसीएसटी) यांचा समावेश होता. मुंबईतल्या मुंबईत एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून टपालाची देवघेव सुरू झाली आणि पुढे परदेशी जाणारे टपाल जुहूच्याच दारातून बाहेर पडू लागले.

यादीचा प्रश्न सोडवला पॉल मोकापेट्रिस यांनी. नोव्हेंबर १९८३मध्ये त्यांनी ‘आरएफसी ८८२’ आणि ‘८८३’ ही दोन टिपणे प्रसिद्ध केली. (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकित टिपणांतून ठरत आले आहेत.) एका यादीऐवजी त्यांनी नावांचे झाड सुचवले. मुळाशी काही थोड्या फांद्या, प्रत्येक फांदीच्या मालकाने आपल्या खालच्या डहाळ्यांची नोंद ठेवायची, वरच्याने फक्त ‘खालची नोंद कोणाकडे आहे’ एवढे सांगायचे. ही डोमेन नावांची पद्धत. १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स या संगणक कंपनीने ‘.कॉम’खालचे पहिले नाव नोंदवले. आपले ‘.इन’ ८ मे १९८९ रोजी झाडाला फुटले आणि त्याची देखभाल पुढे अनेक वर्षे एनसीएसटीकडेच होती.

पण डोमेन म्हणजे यंत्र नव्हे, ते नुसते नाव आहे. मग त्या नावावर आलेले पत्र टाकायचे कुठे? मोकापेट्रिस यांच्या पहिल्या आराखड्यात यासाठी दोन प्रकारच्या नोंदी होत्या, एक शेवटच्या पेटीची आणि एक मधल्या हमालाची. दोन्ही जुळवताना अडचणी येऊ लागल्या. जानेवारी १९८६मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी ‘आरएफसी ९७४’मध्ये त्यांच्या जागी एकच नोंद कशी वापरायची ते मांडले. तिचे नाव एमएक्स, म्हणजे ‘मेल एक्स्चेंजर’. आम्हाला विचाराल तर ई-मेलच्या इतिहासात ‘@’इतकेच महत्त्व या नोंदीला द्यायला हवे. तिचा गवगवा झाला नाही, एवढेच.

एमएक्स नोंदीत दोनच गोष्टी असतात: एक आकडा आणि एका यंत्राचे नाव. ‘या डोमेनचे टपाल त्या यंत्राकडे द्या’, म्हणजे सरळ सरळ आपले ‘पो.’. एका डोमेनला अशा अनेक नोंदी असू शकतात. पाठवणारे यंत्र सर्वांत लहान आकड्याचे यंत्र आधी गाठते. ते बंद असेल तर पुढच्या आकड्याचे. त्या दुसऱ्या यंत्राने पत्र सांभाळून ठेवायचे आणि पहिले जागे झाले की त्याला द्यायचे. आता दुसऱ्याने चुकून तिसऱ्याला दिले, तिसऱ्याने पुन्हा दुसऱ्याला, तर पत्र जन्मभर फिरत राहील. म्हणून नियम असा की यादीतल्या यंत्राने पत्र फक्त आपल्याहून लहान आकड्याकडेच द्यावे. गणिताच्या शिक्षकांनी हा नियम फळ्यावर मांडून पाहावा. प्रत्येक पावलाला आकडा घटतो आणि यादी सांत आहे, त्यामुळे फेरा अशक्य, ही सिद्धता दोन ओळींत होते.

पार्ट्रिज ज्या सीएसनेटसाठी काम करत होते, त्यातील अनेक संस्थांकडे इंटरनेटची थेट जोडणी नव्हती. त्या फक्त टेलिफोनने टपाल घेत. त्यांनाही प्रतिष्ठित, कायमचा पत्ता मिळावा आणि टपाल मात्र दुसऱ्या यंत्राने स्वीकारावे, हे एमएक्समुळे शक्य झाले. वाडीवस्तीची ही सोय होती. पुढे शहरांनीच ती उचलली.

१९९५च्या सप्टेंबरपासून ‘.कॉम’सारख्या नावांना वर्षाला ५० डॉलर पडू लागले. त्याआधी नोंदणी फुकट होती. १९९६मध्ये हॉटमेल आले आणि लक्षावधी लोकांनी नाव आणि पेटी दोन्ही एकाच कंपनीकडून घेतली. याचा अर्थ असा की कंपनी सोडली तर पत्ताही सोडावा लागतो. उलट बाजूने, फेब्रुवारी २००६मध्ये गूगलने ‘नाव तुमचे, पेट्या आमच्या’ अशी सेवा प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. एका अमेरिकी महाविद्यालयापासून आरंभ झाला. ती बरीच वर्षे फुकट होती. डिसेंबर २०१२मध्ये नव्या ग्राहकांसाठी फुकट दार बंद झाले. जानेवारी २०२२मध्ये जुन्यांनाही पैसे भरायला सांगितले, आणि ओरड झाल्यावर घरगुती वापरापुरती सवलत पुन्हा दिली. ज्यांचे डोमेन स्वतःचे होते, त्यांना त्या काही महिन्यांत निदान एक पर्याय होता: एमएक्स नोंद बदलून दुसरीकडे जाण्याचा.

हा पर्याय किती मोठ्या प्रमाणावर वापरता येतो, ते आपल्याकडेच दिसले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या व्यवस्थेवरून झोहो या तामिळनाडूतील कंपनीच्या व्यवस्थेवर गेल्याचे २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. पत्त्यांमधले ‘गव्ह.इन’ आणि ‘एनआयसी.इन’ जसेच्या तसे राहिले. पत्र लिहिणाऱ्या नागरिकाला काहीही बदलावे लागले नाही.

शाळेला असे करायचे असेल तर रीत फार अवघड नाही. डोमेन नोंदवायचे. पेट्या देणारी सेवा निवडायची. ती सेवा एक सांकेतिक मजकूर देते; तो डोमेनच्या नोंदींत लिहून दाखवला की नाव आपलेच असल्याचे सिद्ध होते. मग ‘मुख्याध्यापक’, ‘कार्यालय’, ‘परीक्षा’ अशा पेट्या उघडायच्या आणि त्यानंतरच एमएक्स नोंद बदलायची. क्रम उलटा झाला तर पत्र पोस्टात पोहोचते पण पेटी नसते, आणि ते परत जाते. नोंद बदलल्यावर जुनी पेटी लगेच बंद करू नये. मधल्या यंत्रांच्या स्मरणात जुनी नोंद काही तास, कधी दिवसभरही राहते.

एवढ्यावर भागत नाही, आणि त्याचे कारणही इतिहासातच आहे. टपाल पोहोचवण्याचा नियम (एसएमटीपी) जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिला तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत होते. पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव खरे लिहिले आहे का, हे तो नियम विचारतच नाही. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे. या भोळेपणाची किंमत पुढे भरावी लागली. २००६मध्ये ‘आमच्या नावाने कोणती यंत्रे पत्र धाडू शकतात’ हे जाहीर करणारी एसपीएफ नोंद लिखित झाली, २००७मध्ये पत्रावर सांकेतिक सही करणारी डीकेआयएम आली, आणि या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे ते सांगणारी डीमार्क २०१२मध्ये. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या नोंदी सक्तीच्या केल्या. शाळेचे निकालपत्रक पालकांच्या ‘स्पॅम’मध्ये जाऊन पडते तेव्हा पहिला संशय या नोंदींवर घ्यावा.

आता डोमेनच्या मालकीबद्दल. डोमेन आपण विकत घेतो असे म्हणतो. खरे तर ते भाड्याने असते आणि मुदत संपते. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट.कॉम’ या नावाचे नूतनीकरण राहून गेले. हॉटमेलमध्ये प्रवेश त्याच नावातून होत असे, त्यामुळे अनेकांना आपली पेटी उघडेना. शेवटी एका अनोळखी संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या क्रेडिट कार्डाने ३५ डॉलर भरले आणि अडचण मिटली.

आमच्या माहितीतल्या एका शाळेला असा कोणी भेटला नाही. संगणक पुरवणाऱ्याने शाळेचे डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले होते. काही वर्षांनी त्याने धंदा बदलला. मुदत संपल्याची स्मरणपत्रे त्याच्याच पेटीत पडत राहिली आणि एके दिवशी शाळेचे टपाल थांबले. नाव तिसऱ्यानेच घेतले. ज्याच्याकडे नाव त्याच्याकडे एमएक्स नोंद, आणि ज्याच्याकडे ती नोंद, त्याला माजी विद्यार्थ्यांची पत्रे काय आणि शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा परवलीचा शब्द बदलण्याचा दुवा काय, सारे आपोआप मिळू शकते. तिथे त्या नव्या मालकाला कुलूप फोडावे लागत नाही. शाळेने नवे नाव घेतले, पण छापील दाखले, फलक आणि मंडळाच्या नोंदी यांत जुना पत्ता आहे तो आहेच. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावावर हवी, दोन जबाबदार माणसांकडे प्रवेश हवा, आणि स्मरणपत्रासाठी दिलेला पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनच बंद पडले तर त्यावरचे स्मरणपत्र वाचणार कसे?

शाळेच्या संगणक कक्षात एक तास काढून हे सगळे प्रत्यक्ष पाहता येते. आज्ञा लिहिण्याच्या काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा द्यावी, नोंदीचा प्रकार ‘एमएक्स’ निवडावा आणि एकेक डोमेन विचारावे: आपले विद्यापीठ, एखादे वृत्तपत्र, जिल्ह्यातली बँक. मुलांनी दोन रकाने करावेत, ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’. काही ठिकाणी दोन्ही जुळतील, बऱ्याच ठिकाणी उजव्या रकान्यात त्याच दोन-चार कंपन्या पुन्हा पुन्हा येतील. एखाद्या डोमेनच्या उत्तरात यंत्राच्या नावाऐवजी नुसता एक टिंब आणि आकडा शून्य दिसला, तर मुले चक्रावतील. त्याचा अर्थ २०१५ साली ठरला आहे: या मुक्कामाला पोस्ट नाही, पत्र पाठवू नये.