उरलेल्या भागांचे रॉकेट आणि बुटांचा दुकानदार

मॉडेल रॉकेटचा छंद जडलेल्यांकडे एक खोका हमखास आढळतो. जुन्या संचांतून उरलेल्या कागदी नळ्या, बाल्सा लाकडाचे टोक, दोऱ्या गुंतलेले छोटे पॅराशूट असे त्यात बरेच काही असते. त्यातूनच कोणत्याही संचात नसलेले, स्वतःच्या कल्पनेतले रॉकेट उभे राहते. ही जोडाजोड आज निर्धोक वाटते. पूर्वी ती तशी नव्हती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकन मुलांना रॉकेटचे वेड लागले. लोखंडी नळीत जस्ताची भुकटी व गंधक, नाहीतर काडेपेटीच्या काड्यांचे गूल ठासून ती पेटवून देत. नळी फुटली की तिचा बॉम्ब होई. कुणाची बोटे गेली, कुणाचे डोळे, कुणाचे प्राण.

यावरचा तोडगा तोवर तयार होता, आणि तोही एका बुटांच्या दुकानात! नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल हे शोभेच्या दारूकामाचे जाणकार. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना मॉडेल विमानांची आवड. १९५४ मध्ये या दोन छंदांच्या संगमातून कागद व लाकडाचे एक हलके रॉकेट जन्मले. त्याचे इंजिन स्वतंत्र होते. ते जळून गेल्यावर काही क्षणांनी पॅराशूट बाहेर फेकले जाई, रॉकेट अलगद उतरे आणि नवे इंजिन बसवून पुन्हा उडे.

१९५७ च्या आरंभी कार्लाइल यांनी आपले नमुने हॅरी स्टाइन यांना पाठवले. स्टाइन व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करीत. या छंदाच्या इतिहासात स्टाइन यांचेच नाव अधिक गाजले. कार्लाइल यांच्यावर हा थोडा अन्यायच म्हणावा लागेल. स्टाइन यांच्या कंपनीसाठी डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस यांनी इंजिने बनवणारे ‘मेबल’ नावाचे यंत्र उभारले. १९५९ पासून ते साधारण दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन तयार करू लागले. स्फोटक द्रव्य हाताळण्याचे काम मुलांच्या हातून सुटले, ते असे. पुढे एस्टिस यांनी नळ्या, टोके, बाल्साच्या फळ्या सुट्या स्वरूपात टपालाने विकायला सुरुवात केली. १८ मिलिमीटर व्यासाचे इंजिन रूढ झाल्यामुळे जुन्या संचातली नळीही नव्या इंजिनाला चालू लागली.

एक प्रश्न मात्र उरलाच. संचातले रॉकेट आधी तपासलेले असते. उरलेल्या भागांचे कोणी तपासायचे? दिवाळीतल्या बाणाची काडी मोडली की तो कसा सैरावैरा धावतो, ते आपण पाहिले आहेच. सरळ उड्डाणासाठी रॉकेटचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा टोकाच्या बाजूस असावा लागतो. गुरुत्वमध्य बोटावर तोलून सापडतो. दाबकेंद्राचा अंदाज मात्र रॉकेटच्या आकाराचा पुठ्ठा कापून, तो तोलून बांधावा लागे.

१९६६ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी छांदिष्टांच्या राष्ट्रीय संमेलनात यासाठी सूत्रे मांडली. शाळकरी मुलालाही कागद-पेन्सिलीने सोडवता येतील अशी ती आहेत. दोन बिंदूंमध्ये निदान नळीच्या एका व्यासाइतके अंतर असावे, हा संकेत आजही पाळला जातो. अंतर कमी भरले, तर टोकात थोडी माती दाबून बसवावी किंवा मागचे पंख मोठे करावेत. मात्र तोलताना इंजिन आत असलेच पाहिजे, कारण शेपटाकडचे सर्वांत मोठे वजन बहुधा त्याचेच असते.