लाईट गेल्यावरही वाजणारा फोन

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, पुण्यातला वळीव, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ऑफिसची लाईट गेली. यूपीएस दोन तास टिकायला हवा होता, त्याने चाळीस मिनिटांत मान टाकली. सर्व्हर बंद, ईपीएबीएक्स बंद, टेबलांवरचे फोन मुके. वादळात मोबाईलची रेंजही गेलेली. आणि आमचा एक सहकारी लिफ्टमध्ये अडकलेला!

धावत गेटवर गेलो. तिथे वॉचमन काका निवांत बसले होते. म्हणाले, "साहेब, हा चालू आहे बघा." त्यांच्या केबिनमधल्या कळकट फोनला चक्क डायल टोन होता. लिफ्टवाल्याला तिथूनच बोलावलं.

आता इंजिनियर माणसाला हे स्वस्थ बसू देतंय का? ईपीएबीएक्स मेलेला असताना त्याचंच एक एक्स्टेंशन जिवंत कसं? पुढचा अख्खा शनिवार त्यात गेला.

तर मंडळी, मुळात टेलिफोन ही लाईटवर विश्वास नसलेल्या लोकांनी केलेली चीज आहे. अगदी सुरुवातीला प्रत्येक फोनला स्वतःची बॅटरी असायची आणि घंटी द्यायला हँडल फिरवायचं. १८९० च्या दशकात एक्स्चेंजमध्येच मोठी बॅटरी ठेवून तारेतूनच फोनला वीज द्यायची पद्धत आली. दोन व्होल्टचे २४ सेल, म्हणजे ४८ व्होल्ट. गंमत अशी की ही बॅटरी कायम लाईनला जोडलेलीच असते, रेक्टिफायर तिला नुसता भरत राहतो. त्यामुळे लाईट गेली तरी "आता बॅटरीवर जा" असा क्षणच येत नाही.

ऑफिसच्या एक्स्चेंजचं दुखणं वेगळं. जुन्या रिलेवाल्या मशीनला बॅटरी दिली की काम भागायचं. १९७० च्या दशकात त्यात कॉम्प्युटर शिरला, आणि लाईट गेली की मेमरी पुसली जाण्याची भीती आली. एटी अँड टीच्या १९७५ च्या 'डायमेन्शन'मध्ये प्रोग्रॅम परत भरायला टेपचं कार्ट्रिज असायचं. तेवढा वेळ ऑफिसने काय करायचं? उत्तर होतं 'पॉवर फेल ट्रान्स्फर'. एक साधा रिले. वीज आहे तोवर त्याचं चुंबक पट्टीला ओढून धरतं. वीज गेली की पट्टी स्प्रिंगने मागे येते आणि बाहेरून आलेली लाईन मशीनला वगळून थेट ठरलेल्या एका फोनला जोडली जाते. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर. बाहेरच्या एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट सरळ काकांच्या केबिनमध्ये! हा रिले ज्याने पहिल्यांदा बसवला त्याला माझा दंडवत.

(आपल्याकडे सी-डॉटने १९८० च्या दशकात १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज केलं, तेही एसीशिवाय चालेल असंच. गावात लाईटचा भरवसा नाही हे धरूनच. पण त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

म्हणजे लाईट जाण्यावर उपाय बरेच आधी सापडला होता. बिघाड झालाय हे माणसाला कळवायचं कसं, हे जास्त अवघड निघालं. आधी ऑपरेटरच्या कन्सोलवर लाल दिवा. मग नॉर्दर्न टेलिकॉमच्या एसएल-१ सारखी यंत्रं टेलिप्रिंटरवर एररचे कोड छापू लागली. पुढे 'डेफिनिटी'सारखी यंत्रं बिघाड झाला की स्वतःच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावायची. सगळं छान. फक्त पलीकडे कुणीतरी ऐकणारं हवं.

१७ सप्टेंबर १९९१ ला न्यूयॉर्कमध्ये नेमकं तेच नव्हतं. उकाड्यामुळे वीज कंपनीच्या विनंतीवरून एटी अँड टीच्या थॉमस स्ट्रीटच्या एक्स्चेंजने सकाळी स्वतःचं जनरेटर चालू केलं. जनरेटर चालला, पण रेक्टिफायर ट्रिप झाले. बॅटऱ्यांनी इमानदारीत भार उचलला, आणि इतका बिनबोभाट की कुणाला पत्ताच लागला नाही. काही अलार्म वाजलेच नाहीत, जे लागले ते बघायला कुणी नव्हतं. जनरेटरवर गेल्यावर एक फेरी मारून सगळं तपासायचं असा नियम होता, तोही पाळला गेला नाही. तिथले तंत्रज्ञ होते क्लासला. कसला क्लास? नव्या अलार्म सिस्टिमचा! मी हे दोनदा वाचलं.

सुमारे सहा तासांनी बॅटऱ्या संपल्या. जवळजवळ ५० लाख कॉल अडले. विमान नियंत्रणाच्या लाईनीही तिथूनच जात होत्या, त्यामुळे केनेडी, ला गार्डिया आणि नेवार्क हे तिन्ही विमानतळ ठप्प झाले. कंपनीने आधी तंत्रज्ञांकडे बोट दाखवलं. मला ते पटत नाही. बॅटरी चांगली असली की बिघाड लपतो, आणि लपलेला बिघाड शोधायचं काम कुणाचं हे वरच्यांनी ठरवायचं असतं.

आता आमच्या यूपीएसकडे येतो. दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं का, म्हणून त्याचं लॉग उघडलं. बॅटऱ्या उतरल्यात असं तो बिचारा रोज सकाळी मेल करून सांगत होता. एकवीस मेल. सगळे अशा एका माणसाच्या पत्त्यावर, जो आधीच्या दिवाळीतच नोकरी सोडून गेला होता.

पत्ता बदलला. आता ते मेल मला येतात. आणि खरं सांगू का, पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यासाठी एक वेगळं फोल्डर करून टाकलंय.